बारावं पिंप

सप्टेंबरच्या अखेरीस झंस्कारमधल्या चुमिग गावात घरं हिवाळ्यासाठी तयार करण्याचं काम चाललं होतं. लेहच्या प्रयोगशाळेतल्या डॉ. केतकी माईणकर घरोघरी उष्मापिंपं तपासत होत्या. शेवटचं घर नोर्बू मास्तरांचं. निवृत्त शिक्षक, एकटेच राहायचे.

मास्तरांनी एका पिंपाला हात लावून पाहिला. "हे तर गार आहे. यात उष्णता कुठे आहे?"

"आतला क्षार उन्हाळ्यात उन्हानं वितळलाय. आता तो गोठायला हवा, पण पहिला स्फटिकच होत नाही, म्हणून द्रव राहिलाय. कळ दाबली की तो स्फटिक होतो. मग सगळा क्षार गोठतो आणि साठलेली उष्णता बाहेर टाकतो. एका पिंपात एक दिवस निघतो. पुन्हा वितळवायला पुढचा उन्हाळाच लागतो."

"आणि कळ दाबलीच नाही तर?"

"उणे बाराच्या खाली तो आपणहून गोठतो. उष्णता भलत्याच वेळी वाया जाते." केतकींनी हातातली बाटली दाखवली. "म्हणून हा स्थैर्यद्रव घालतेय. मग उणे चाळीसपर्यंत कळीशिवाय काही होणार नाही."

मास्तरांच्या बारापैकी अकरा पिंपं झाली आणि बाटली संपली. "बारावं पुढच्या खेपेला करते," त्या चुटपुटत म्हणाल्या. पण बर्फ लवकर पडला, खिंड बंद झाली आणि ती खेप राहूनच गेली.

जानेवारीत सलग तीन दिवस हिमवादळ झालं. लेहमध्ये केतकी आणि त्यांचे सहकारी रिग्झिन पडद्यावर गावातली तापमानं पाहत होते. मास्तरांच्या खोलीत उणे सात. मग उणे दहा. एकही कळ दाबलेली नव्हती. केतकींनी बिनतारी यंत्रावरून शेजाऱ्यांना कळवलं. छातीएवढा बर्फ उपसत ते निघाले. तोवर आकडा उणे तेरावर गेला होता.

दुपारी तो चढू लागला. उणे पाच. शून्य. सहा.

"दाबली वाटतं कळ," रिग्झिन म्हणाले.

"नाही. बारावं पिंप आपणहून सुरू झालंय."

संध्याकाळी शेजारी पोचले, तेव्हा मास्तर घोंगड्यात गुरफटून त्या पिंपाला टेकले होते. पडून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. शेगडी विझली होती आणि भिंतीवरच्या कळींपर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता.

खिंड उघडल्यावर केतकी त्यांना दवाखान्यात भेटल्या.

"माझ्या बाजूला बारा पिंपं होती," मास्तर म्हणाले. "त्या एकालाच कसं कळलं?"

"त्याला काही कळलं नाही, मास्तर. थंडी सोसवली नाही, इतकंच," केतकी म्हणाल्या. "बाकीच्यांना ती सोसायला मी शिकवलं होतं."