खडूचा आकडा

नेपरव्हिलमध्ये त्या जानेवारीत, २००४ साली, सकाळपासून बर्फ पडत होतं. दुपारी तीनलाच शोभनाकाकूंनी दिवा लावला. शिकागोला पीएच.डी. करणारी सई समोर बसून खोक्यात जुन्या वह्या भरत होती. आफ्रिकेतल्या किबोको कार्गो या बंद पडलेल्या विमान कंपनीचा इतिहास ती लिहीत होती. काकूंचे यजमान त्र्यंबकराव मोंबासाला त्याच कंपनीच्या विमानात माल चढवून घ्यायचे. दिवाळीत ते गेले; या वह्या त्यांच्याच.

"काका नुसतं उचलून वजन सांगायचे ना?"

"उचलायचे आणि खडूने आकडा टाकायचे. कधी चुकले नाहीत." काकू हसल्या. "लग्नात मलाही उचललं. म्हणाले, अठ्ठेचाळीस किलो! आकडा पडला की माल निघायला तयार, असा त्यांचा नियम."

बोलता बोलता त्यांची नजर कपाटाकडे गेली. एकदा चुकले होते. शेवटचं विमान समुद्रात पडलं, तिघं गेले, पाठोपाठ कंपनीही बुडाली. दोष वैमानिकावर आला. पण त्या दिवशीच्या वहीत त्र्यंबकरावांचं अक्षर होतं: 'शेपटीकडचा माल न तोलता चढवला. चूक माझी.' ती वही काकूंनी साड्यांखाली दडवली होती. गेलेल्या माणसाच्या नावाला आता डाग कशाला?

सई गाडीवरचं बर्फ काढायला बाहेर गेली. काकू चहा करायला स्वयंपाकघरात गेल्या. घर अगदी गप्प होतं. मग खोलीतून आवाज आला... खर्र... खर्र... आणि ओल्या गोणपाटाचा वास.

सई परत आली. "काकू, हे तुम्ही लिहिलंत?"

खोक्यावर खडूने तिरपा आकडा होता. साडेचौदा.

सईने गमतीने खोकं बॅगा तोलायच्या काट्याला अडकवलं. "तेरा! काका चुकले की..." मग तिचा आवाज उतरला. "पण काकू... हे खोकं तर मी आज दुकानातून आणलंय..."

काकू कपाटाकडे गेल्या. साड्यांखालची जाडजूड वही काढून त्यांनी खोक्यात ठेवली. काटा सरकला, साडेचौदावर थांबला.

"घेऊन जा. आधी त्या वैमानिकाच्या घरच्यांना दाखव."

सईची गाडी वळणाआड गेली. "झालं ना मनासारखं?" काकू रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या, आणि घडी घालायला त्यांनी अंगावरची शाल काढली.

शालीच्या पाठीवर, त्याच तिरप्या अक्षरात, त्रेपन्न.

"बरोब्बर," त्या लाजून पुटपुटल्या. खडू झटकला नाही. शाल पुन्हा पांघरली, आणि जाऊन दाराची कडी काढून ठेवली.