बजबजच्या गोदामाची राखण

१९७२ सालच्या जानेवारीत दिगंबर साठ्ये बजबजला गेले, ते त्या महिन्यात चौथ्यांदा. त्यांच्या बँकेकडे तारण असलेलं तागाचं एक गोदाम तिथे नदीकाठी होतं. त्यावर कोणती राखण ठेवणार, हे विमा कंपनीला सोमवारपर्यंत कळवायचं होतं. नाही कळवलं तर सगळा ताग विम्याविना पडणार होता, आणि कागदावर सही दिगंबरांची होती.

जुना दरवान गोदामातच राहायचा. दिवाळीत बिहारला आपल्या गावी गेला तो परतलाच नाही. बिछाना न्यायलासुद्धा आला नाही. मग श्यामसुंदर नावाच्या निवृत्त सुभेदाराच्या एजन्सीतले दोन माजी सैनिक आठवडाभर ठेवून पाहिले. दोघंही लढाई पाहिलेले. तिसऱ्या दिवसापासून ते फाटकाबाहेरच बसू लागले. दिगंबरांनी जाब विचारला, तेव्हा जमिनीकडे बघत म्हणाले, की आत कुणीतरी आधीपासून ड्यूटीवर आहे, आमचं मध्ये येणं त्याला खपत नाही.

दिगंबरांना ही कामचुकारांची सबब वाटली. कुत्रं तरी सबबी सांगणार नाही, म्हणून त्यांनी श्यामसुंदरला एक शिकवलेलं कुत्रं आणायला सांगितलं.

दुपारचे तीन वाजले होते. ओहोटीच्या चिखलाचा दर्प येत होता. श्यामसुंदरने कुलूप काढून दार लोटलं तसा तागाचा तेलकट, कोंदट वास अंगावर आला. गासड्यांच्या थप्प्यांमधल्या वाटेवर झरोक्यातलं ऊन पडलं होतं. आत जायला दुसरं दार नव्हतं.

त्याने आणलेल्या कुत्रीला, राणीला, मोकळं सोडलं. ती हुंगत हुंगत गेली आणि मध्यावर थबकली. तिचे कान ताठ झाले.

मग ती बसली. उठली. आडवी झाली. पुन्हा उठली, आणि कुणाच्या तरी डाव्या गुडघ्याला लागून चालावं तशी चालू लागली.

"हुकूम तुम्ही देताय?" दिगंबरांनी हळूच हिंदीत विचारलं.

"नाही, साहेब." श्यामसुंदरने शीळ घातली. राणीने वळूनही पाहिलं नाही. "आता ती माझं ऐकायची नाही."

दिगंबर स्वतःच आत शिरले. दहा पावलं गेले असतील. राणी वळली आणि चोरावर गुरगुरावं तशी त्यांच्यावर गुरगुरली.

तिच्या शेजारची तागाची धूळ दबली. मग एक पाऊल अलीकडची.

पाठ न फिरवता ते बाहेर आले.

"विमावाल्यांना काय लिहिणार, साहेब?"

दिगंबरांनी दाराकडे बोट दाखवलं. वारा पडलेला होता, तरी समोरचं दार सावकाश मिटत होतं.

आतून अडसर सरकला. घाई नव्हती, रोजची सवय असावी तसा.

राणीच्या नखांचा आवाज दूर गेला, मागच्या भिंतीशी वळला, पुन्हा जवळ आला. तिच्या बरोबरीने बूट वाजत होते.