चार नंबरचं झाकण

"सरांनी सगळ्यांसमोर मान खाली घालायला हवी. नुसतं सॉरी मला चालणार नाही," मंतशाने जाहीर केलं. धाकटा भाऊ जुनेद आणि शिबिरातला दोस्त चेतन ऐकत होते. अशी ती क्वचितच पेटायची.

शनिवार पेठेतल्या उन्हाळी विज्ञान शिबिरात काल तिच्या कॅलरीमापीचं झाकण उडालं होतं. कॅलरीमापी म्हणजे दुहेरी भिंतीचा डबा. आतलं पाणी किती तापलं किंवा गार पडलं, त्यावरून उष्णता मोजायची. मंतशाने पाण्यात लिंबूसत्व आणि खायचा सोडा टाकून झाकण घट्ट लावलं आणि फाट्! काचेचा थर्मामीटर फुटला. योगेश सरांनी एका शब्दाने काही विचारलं नाही. कपाटावर पाटी लावली: 'मंतशाने उपकरणांना हात लावू नये.' पुण्यात पाटी लागली की येणारा-जाणारा ती वाचतोच. आजच्या समारोपाला तर अब्बूही येणार होते.

चेतनने ते झाकण कचऱ्यातून शोधून आणलं. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. त्यावर निळी चिकटपट्टी होती! मंतशाने ती लावली नव्हती. कपाटातल्या पाचही झाकणांवर तीच पट्टी दिसली. ही पट्टी सर चष्म्यापासून चपलेपर्यंत सगळ्याला लावायचे.

"भोकातून उष्णता पळेल, असं वाटलं असणार त्यांना," चेतन म्हणाला.

"अरे, माझ्या सोड्यातून गॅस निघतो. तो बाहेर गेला तरच आतला दाब बाहेरच्या हवेएवढा राहतो. बाकीच्यांनी नुसतं मीठ विरघळवलं, म्हणून त्यांची झाकणं जागेवर राहिली."

जुनेद म्हणाला, शिबिरप्रमुख हिरामॅडमना सांगून टाकू. मंतशाने साफ नकार दिला. तिने त्याला बुधवार पेठेत पिटाळून न फुटणारा डिजिटल थर्मामीटर आणवला.

समारोपाला मंतशा अगदी गोड आवाजात म्हणाली, "सर, माझं कुठे चुकलं, ते आपणच करून दाखवा ना. हा चार नंबरचा डबा घ्या."

सर खूश झाले. गॉगल चढवून त्यांनी पाण्यात लिंबूसत्व आणि सोडा टाकला, झाकण दाबलं. फाट्! झाकण छताला लागलं आणि सरांचा इस्त्रीचा शर्ट पांढऱ्या फेसाने भिजला. मंतशाला इतकं बरं वाटलं की तिने हसू लपवलंसुद्धा नाही.

मग तिने झाकणावरची पट्टी सोलून काढली आणि तोच प्रयोग केला. बारीक फुसफुस झाली, झाकण हललं नाही, पारा नसलेल्या थर्मामीटरवर आकडे मुकाट उतरत गेले.

हिरामॅडमनी पट्टी उचलून पाहिली. "योगेश, ही कोणी लावली?"

"मीच," सर पुटपुटले. त्यांची मान खाली गेली.

"शाब्बास, मंतशा! काय बक्षीस हवं?" मॅडमनी विचारलं. अब्बूंची मान ताठ झाली होती.

"पाटी हवी. सरांच्या अक्षरात."

सरांनी जुनी पाटी काढून नवी लिहिली: 'योगेश सरांनी झाकणाचं भोक बुजवू नये.' ती चिकटवायला ते काहीतरी शोधू लागले.

जुनेदने निळ्या चिकटपट्टीचं रीळ पुढे केलं.