मोठ्या चार्जरची कापलेली केबल

छापखान्याच्या पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांसाठी तीन चार्जर आठवडाभर चालवून बघितले होते. त्यातला एक निवडायचा होता. निवडीच्या सकाळीच सर्वांत मोठ्या चार्जरची केबल कापलेली सापडली.

मॅनेजरांनी एका खासगी गुप्तहेर बाईंना बोलावलं. सगळे तिला मावशी म्हणत, पण ती खरी मावशी होती फक्त सोबत आलेल्या भाच्याची.

मेन स्विच बंद होता. केबलच्या दोन्ही टोकांवर टेप नीट गुंडाळलेली होती. भिंतीवर वायरच्या पाइपालगतचा रंग तपकिरी पडला होता. भिंतीपलीकडे कर्मचाऱ्यांच्या मुलांचं पाळणाघर होतं.

"मला मोठाच हवा होता," मॅनेजर म्हणाले. "मेहुण्याच्या कंपनीचा आहे, हे आधीच सांगून टाकतो."

छापखान्याचा ड्रायव्हर कुरकुरला, "या तीन चार्जरनी माझी सावलीची जागा खाल्ली. वैतागलो होतो, नाही म्हणत नाही. पण मी काही कापलं नाही."

निवृत्तीला आलेला वायरमन जमिनीकडे बघत बोलला, "वायरिंग माझंच, बारा वर्षांपूर्वीचं. मोठ्याचाही भार पेलेल, असं लिहून दिलंय."

"ड्रायव्हरच," भाचा कुजबुजला.

मावशीने सगळ्यांना मॅनेजरांच्या खोलीत बसवलं.

"ड्रायव्हरचा राग तिन्ही चार्जरवर होता, मग तो एकाचीच केबल का कापेल? मॅनेजर मेहुण्याचा माल बिघडवणार नाहीत. कापणाऱ्याने आधी वीज बंद केली, मग टोकं झाकली. कुणाला शॉक बसू नये, ही त्याच्या हाताची सवय. आणि फक्त मोठ्याचीच धास्ती कुणाला? आतली वायर बारीक आहे, हे ज्याला ठाऊक त्याला. आठवडाभरात ती तापून भिंतीचा रंग करपलाय."

वायरमनने नाकारलं नाही.

"तेव्हा जाड वायर संपली होती. नंतर बदलू म्हटलं, ते राहून गेलं."

"मग लिहून का दिलंत?" भाच्याने विचारलं.

"बारा वर्षं लपवलेलं एका कागदावर कसं लिहू?"

"नवी केबल दोन दिवसांत आली असती," मावशी म्हणाली.

"माहीत होतं. तेवढ्या दोन दिवसांत सांगायचा धीर येईल, असं वाटलं होतं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "पाळणाघरातली पोरं रोज काका म्हणून हाका मारतात. मी ऐकू न आल्यासारखं करतो."

मॅनेजर हळूच म्हणाले, "लिहून देण्याआधी त्यांनी मला विचारलं होतं, एकदा भिंत उघडून बघू का. मी म्हटलं, वेळ नाही, सही करा."

मावशीने दोघांकडे पाहिलं.

वायरमन उठला. "पाळणाघराच्या बाईंना मी सांगतो. आजपासून मुलं दुसऱ्या खोलीत बसवा म्हणून."

"थांबा," मॅनेजर खुर्ची मागे सारत म्हणाले. "मीही येतो."