विहिरीला सांगितलेलं नाव

शनिवारी तलावाच्या तासाला मी कुठं असायचे, हे शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. पंपाच्या खोलीमागं, कण्हेरीच्या झुडपाआड मी दडून बसायचे. आणि त्या शनिवारी बघते तर काय, माझ्या हक्काच्या जागेवर दुसराच कुणीतरी! डोक्यापासून पायापर्यंत ओला, मांडीवर शर्ट पसरलेला, आणि शर्टावर ही एवढी बोरं.

“काय रं, तुलापन हाकललं?” त्यानं विचारलं.

“नाही... मी आपणच आलो.”

“का?”

“सर्दी झालीय.”

“जूनपासून?” त्यानं एक बोर तोंडात टाकलं. “दर शनवारी बगतो मी. बाकीचे दिवस तर तुजं नाक ठनठनीत असतं.”

अगं बाई! म्हणजे हा मला बघत होता? माझे कान तापले. हा कमळाकर. आमच्याच अकरावीतला, मोरिवली गावातला आगऱ्याचा मुलगा. शेवटच्या बाकावर बसायचा आणि खिडकीबाहेर बघायचा.

“तुला का हाकललं?” मी विचारलं.

“मुटका मारला.” त्यानं गुडघे पोटाशी घेऊन दाखवलं. “सरांची नवी पॅन्ट भिजली. बोलतात, ही काय गावची विहीर हाय? मी बोल्लो, विहीर असती तर बरी असती.” आणि हसला. त्याच्या पापण्यांवर अजून पाणी होतं. मी बघत राहिले आणि मग घाईघाईनं बोरांकडं बघितलं.

“घे ना. लाजतो काय?”

आता इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढं गोंधळ नको. आमची अख्खी बुवापाडा वस्ती मला मुलगा समजायची. वडिलांनी मोठ्या हौसेनं नाव ठेवलं होतं धर्मराज. शाळेत मी मुलांच्या रांगेत उभी राहायचे, चारचौघांत आलो-गेलो बोलायचे. पण आतून, कळायला लागल्यापासून, मी मुलगी होते आणि माझं नाव अंजनी होतं. हे जगात फक्त मला ठाऊक होतं. साल त्र्याण्णव. असल्या गोष्टीला काय म्हणतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं, आणि कुणाला विचारायची तर सोयच नव्हती.

तसं माझं बरं चाललं होतं. पण त्या वर्षी शाळेला कुठल्याशा कारखान्याच्या ऑफिसर लोकांचा तलाव मिळाला आणि माझं नशीब फिरलं. मुलींचा तास वेगळा, मुलांचा वेगळा. मुलांनी नुसत्या चड्डीवर काठाला रांगेत उभं राहायचं आणि शेलार सरांची शिट्टी वाजली की उडी. पोरं खूश होती. माझी मात्र नुसत्या विचारानं गाळण उडायची. त्या रांगेत उघड्या अंगानं उभं राहायचं म्हणजे सगळ्यांनी बघून खात्री करून घ्यायची की हा आपल्यातलाच. मला पाण्याची भीती नव्हती हो. मला माझ्या शर्टाच्या बटणांची भीती होती.

मग बहाणे. सर्दी झाली, कान फुटला, पाय मुरगळला. एकदा नायटा झालाय म्हटलं, तर सरांनी आपल्या घरचं मलम आणून दिलं. आता काय बोलणार!

पुढच्या शनिवारी मी झुडपामागं गेले, तर कमळाकर पुन्हा हजर.

“आज काय केलंस?”

“मुटका.”

“परत? मुद्दाम केलंस ना?”

तो बोराची बी चघळत राहिला. “एकट्यानं बोरं संपत नाय,” तो म्हणाला.

त्यानंतर प्रत्येक शनिवारी त्याचा मुटका ठरलेला आणि शिट्टी वाजवून त्याला हाकलणंही ठरलेलं. पंपाची घरघर चालू असायची, आम्ही भिंतीला टेकून बसायचो. तो भातशेतीचं सांगायचा, खाडीच्या मासळीचं सांगायचा, त्याच्या काकीच्या तोंडाळपणाचं सांगायचा. मी नुसती ऐकायचे. मला तो आवडायला लागला होता. चांगलाच. आणि त्याला वाटत होतं की तो धर्मराजशी बोलतोय, याचं मला घरी जाऊन रडू यायचं.

फेब्रुवारीत शेलार सरांनी मला झुडपातून कॉलर धरून बाहेर काढलं. “धर्मराज! महिनाअखेरीला हेडमास्तरांसमोर प्रत्येकानं तलाव पार करायचा. तू नाही केलास तर तुझी सर्दी तुझ्या बापालाच दाखवतो.”

माझे वडील कंपनीत फिटर. माणूस वाईट नव्हता, पण ते आले असते तर “पोरासारखा पोर आणि लाजतोस?” म्हणून सगळ्यांदेखत स्वतःच्या हातानं माझी बटणं काढली असती. मी त्या दिवशी भिंतीला टेकून बसले, बोरांना हातही लावला नाही.

“पवाला येत नाय का?” कमळाकरनं हळूच विचारलं.

“येत नाही. आणि... मी शर्ट काढणार नाही. मेलो तरी नाही.”

“का?”

“नको विचारूस.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हसणार. “बरं,” तो म्हणाला. “आमच्या विहिरीन ये. तिथं कोन कापडं काढतं? माजी पुतलीकाकी लुगडं नेसूनच पवते.”

आणि खरंच की! मोरिवलीच्या त्या विहिरीवर मी पहिल्यांदा गेले, तर एक काळीसावळी बाई हिरवं लुगडं खोचून मजेत हात मारत होती. कपाळावरचं कुंकू तेवढं पसरलं होतं. मी बघतच राहिले. मला इतका हेवा कधी कुणाचा वाटला नाही.

“ह्यो काय रं कमल्या, तुजा दोस्त? किती नाजूक!” ती ओरडली. “ये रं पोरा, कापडं घालूनच ये. पान्याला काय कलतंय?”

कमळाकरनं माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला. दोरीची गाठ मारताना त्याची बोटं माझ्या खांद्याला लागली आणि आम्ही दोघंही उगाचच डब्याबद्दल बोलायला लागलो.

“घट्ट झाला काय?”

“नाही... ठीक आहे.”

“मंग श्वास कशाला धरलास?”

“मी कुठं धरलाय!”

“अजून पान्यान उतरला नाय आनि श्वास धरतो. शिकलास तू!”

शाळा सुटली की मी विहिरीवर. पहिले काही दिवस नाकातोंडात पाणी, मग नुसती धडपड, मग हळूहळू हात चालायला लागले. कमळाकर पायरीवरून ओरडायचा, “पाय मार! पाय! पान्याशी भांडू नको रं!” शर्ट अंगाला चिकटायचा, पॅन्ट जड व्हायची, तरी पाण्यात मला कधी नव्हे इतकं मोकळं वाटायचं. तिथं मला कुणी रांगेत उभं करत नव्हतं.

मग एक दिवस तो म्हणाला, “आज डबा सोडू.”

मी पाठीवरची दोरी चाचपली.

“पन आदी नाव सांगावं लागंल.” त्यानं काठावरचे शेंदूर लावलेले सात दगड दाखवले. “ह्या सातीआसरा. पान्यातल्या सात बहिनी. आमच्या गावची रीत हाय. डबा सोडताना त्यांना आपलं नाव सांगायचं, म्हंजी त्या वलखतात, सांभालतात. तलाव पार केलास की मंग नारल द्यायचा. पन खोटं नाव नाय चालत. खोटं बोलनाऱ्याला धरून ठेवतात खाली.”

पुतळीकाकी धुणं आपटत म्हणाली, “पान्याजवल खोटं बोलूच नये रं.”

तुम्हाला हसू येईल. मलाही आधी आलं. हात जोडले, तोंड उघडलं – आणि धर्मराज हे नाव बाहेरच येईना. खाली हिरवं, खोल पाणी. घशाशी दुसरंच नाव येऊन थांबलं होतं. खोटं बोलून उतरायचं? की काहीतरी कारण काढून घरी पळायचं? पळायचंच होतं, तर आजवर पळतच होते की. काकी पिळा घेऊन वळणावर गेली होती. पायरीवर फक्त कमळाकर होता, माझ्या पाठीमागं, हातात दोरीची गाठ धरून.

“अंजनी,” मी म्हटलं. पहिल्यांदा... मोठ्यानं. “माझं नाव अंजनी आहे. मी मुलगी आहे. मला सांभाळा.”

पाठीमागं हाताची हालचाल थांबली. मग गाठ सुटली, डबा पाठीवरून गेला. मी मागं न बघता पाण्यात पडले. आणि पोहले! समोरच्या भिंतीला हात लावला, परत आले, पायरीला धरलं, हसतच वर बघितलं.

कमळाकर हसत नव्हता. डबा छातीशी धरून उभा होता.

“आला तुला पवाला,” तो म्हणाला. “उद्यापास्नं नको येऊ.”

शाळेत तो माझ्याकडं बघेना. मधल्या सुट्टीत दिसला की वाट बदलायचा. माझं जेवण तुटलं. आई म्हणाली, काय झालं रे तुला? काय सांगणार? त्यानं कुणाला सांगितलं तर शाळा सुटेल, घर सुटेल, हे कळत होतं. पण खरं सांगू? मला त्याचं एवढं वाटत नव्हतं. माझं नाव जगात एकाच माणसानं ऐकलं होतं, आणि ते ऐकून तो निघून गेला, ह्याचंच रडू येत होतं.

परीक्षेचा शनिवार आला. हेडमास्तर काठावर खुर्ची टाकून बसलेले. पोरं उघडी, रांगेत. मी एकटी पूर्ण गणवेशात.

“धर्मराज, शर्ट!” शेलार सर कडाडले.

“सर, मी पोहतो. पण शर्ट—”

“काढतोस की शिपायाला कंपनीत पाठवू?”

पोरं फिदीफिदी हसायला लागली. माझा हात बटणाशी गेला. एक बटण सुटलं...

“सर, थांबा!”

फाटकातून कमळाकर धावत येत होता. गणवेशात, खांद्याला पिशवी. धापा टाकत माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

“मी पन कापडं घालूनच पवनार. ह्याला मी आमच्या विहिरीवर शिकवलंय. आमच्याकडं रीत हाय सर. सातीआसरांना नाव सांगितलेलं मानूस पहिला नारल देईपर्यंत कापडं उतरवत नाय. शिकवनारा पन नाय.”

“रीत गेली खड्ड्यात!” सर म्हणाले. पण हेडमास्तर पडले वांगणीकडच्या गावातले. सातीआसरा म्हटल्याबरोबर त्यांचा हात आपोआप कपाळाला गेला होता.

“जाऊ द्या हो शेलार,” ते म्हणाले. “देवाच्या कामात आपण कशाला पडा? पोहता येतं की नाही तेवढं बघा.”

सरांनी चडफडत शिट्टी तोंडात घातली. तेवढ्यात कमळाकर किंचित वाकला आणि फक्त मला ऐकू येईल असं बोलला, “चल गो.”

गो! त्यांच्याकडं बहिणीला, मैत्रिणीला, नव्या नवरीला असंच बोलावतात. मी काठाच्या अगदी टोकाला सरकले. शिट्टी वाजली. त्यानं मारला मुटका, सरांची पॅन्ट पुन्हा भिजली, आणि मी उडी घेतली. पाय मारले. पाण्याशी भांडले नाही. पलीकडच्या काठाला हात लागला तेव्हा हेडमास्तर टाळ्या वाजवत होते.

मग आम्ही पंपाच्या खोलीमागं. दोघंही निथळत, उन्हात. त्यानं पिशवीतून नारळ काढला, दगडावर फोडला.

“तू बोलत का नव्हतास?” मी विचारलं.

“भ्यायलो.” त्यानं सरळ सांगितलं. “लोकं काय बोलतील, घरचे काय बोलतील... मना कायच समजंना. मंग वाटलं, भ्यायची तर ही माझ्याहून जास्त भ्यायली असंल, तरी खरं बोलली. आनि मी डबा घेऊन उभा राहिलो, येड्यासारका.”

“आणि ती कपड्यांची रीत? ती तर तू कधी सांगितली नव्हतीस. पाण्याजवळ खोटं बोललास!”

“खोटं कुटं? काकीला इचारून कालपास्नं सुरू केली. आता हाय ना रीत?”

मला इतकं हसू आलं की डोळ्यांतनं पाणीच आलं. हसता हसता कधी रडायला लागले ते मला कळलं नाही. त्यानं नारळाची एक कवड बाजूला ठेवली, विहिरीसाठी. दुसरीतला तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला.

“अंजनी, खा.”

उन्हात, दिवसाढवळ्या, दुसऱ्याच्या तोंडून माझं नाव. मी तुकडा तसाच मुठीत धरला.

“कमळाकर,” मी म्हटलं, “तलाव हा इथं जवळच आहे. खरं बोलायचं. तू दर शनिवारी मुटका कशासाठी मारायचास?”

तो कानापर्यंत लाल झाला. कण्हेरीचं एक पान तोडलं, दुमडलं, उलगडलं.

“तू इथं असतेस म्हनून,” तो म्हणाला. “आवडतेस मना. तवा पन आवडायचीस... फक्त तुजं नाव ठावं नव्हतं.”

पंप घरघरत होता. तो माझ्याकडं बघत थांबला होता, काही न विचारता, विहिरीवर थांबायचा तसाच. पाण्याजवळ तर मीही होतेच. मग मीही खरं तेच सांगितलं.