सातव्या खोलीची घंटा

दुपारी तीनला तपासनीस साहेब वृद्धाश्रमाची तपासणी करायला आले, म्हणजे चहा पिऊन सही करायला आले. निवृत्तीला वर्ष उरलं होतं, पण काम त्यांनी केव्हाच सोडलं होतं. अशी माणसं जगाला शिस्त शिकवतात!

यंदा सहीची घाई त्यांनाच होती. आश्रम पास झाला की सोमवारी स्वतःच्या आईला इथे आणून टाकायचं ठरलं होतं. घरी म्हातारी उशाजवळची घंटा वाजवत राहायची आणि हे पेपर वाचत राहायचे.

"सगळं व्यवस्थित आहे, साहेब. सही इथे," व्यवस्थापिका म्हणाली.

"घंटेची चाचणी राहिली."

रिकाम्या खोलीत पलंगावर पडायचं, बटण दाबायचं, घड्याळ लावायचं. तीन मिनिटांत कोणी आलं तर पास. साहेबांची ही आवडती चाचणी, कारण तीत झोपायला मिळायचं.

सातव्या खोलीत फिनेलचा वास होता, आणि त्याखाली ओल्या कापसासारखा दुसराच एक वास. साहेबांनी बटण दाबलं, डोळे मिटले.

फट... फट... चपलांचा आवाज दारापाशी थांबला.

"काय पाहिजे, आजोबा?"

आठ सेकंद! निळ्या एप्रनमधली आया उभी होती.

"आजोबा कोणाला म्हणता? मी तपासनीस आहे!"

"हो का? शेजारच्या खोलीतले तर न्यायाधीश आहेत." तिने पलंगाचे कठडे वर केले. खटक. गार बोटांनी त्यांची नाडी धरली.

"मला... उतरायचंय."

"सगळ्यांनाच उतरायचं असतं." तिने पांघरूण हनुवटीपर्यंत खोचलं. "आईंची घंटा किती दिवस वाजतेय... आता मी बघते."

आईबद्दल इथे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

व्यवस्थापिका उगवली वीस मिनिटांनी. "अगंबाई! कठडे कोणी लावले? इथल्या घंटेची तार आम्ही कधीच कापलीय."

"ती... निळ्या एप्रनवाली?"

व्यवस्थापिकेचा आवाज खाली आला. "तिच्यामुळेच कापली. मेल्यावरही धावत यायची हो. आमच्या जिवंत आयांची लाज निघायला लागली."

दुसरा कोणी असता तर त्याने तिथून धूम ठोकली असती. साहेबांनी आईचा विचार केला, म्हणजे आईपासून सुटण्याचा, आणि लिहिलं: 'आठ सेकंद. सेवा उत्कृष्ट.' खाली सही ठोकली.

संध्याकाळी घरी ते आरामखुर्चीत टेकले तोच आतून आईची घंटा वाजली. सवयीने साहेबांनी पेपर तोंडासमोर धरला. पण मन आपोआप मोजू लागलं. सहा... सात...

फट... फट...

"काय पाहिजे, आजी?"

"मला काही नको गं बाई." म्हातारीचा आवाज कित्येक महिन्यांनी खुशीत होता. "त्याची बॅग तेवढी भर. सोमवारी जायचंय त्याला."

साहेब उठायला गेले. आरामखुर्चीला कधीच नव्हता, तो लोखंडी कठडा त्यांच्या हाताला गार लागला.