निम्म्यावर अडकलेला चुडा

काळा ग्रॅनाइट हा फोटोग्राफरचा वैरी. रुसलेल्या वरमाईचासुद्धा बरा फोटो निघतो, पण गुळगुळीत काळ्या दगडाचा काढायला जा, दगड राहतो बाजूला आणि आपलंच ध्यान त्यात उमटतं. म्हणून आपल्या पाठीमागे काळं कापड लावायचं. हे मला हर्षलने शिकवलं. हर्षल माझा नवरा. श्रीरामपूरचा स्टुडिओ त्याचाच. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला, तेव्हापासून मी चालवते.

परवा पुणतांब्याच्या पुढच्या एका गावातून काम आलं. तिथल्या एका मंगल कार्यालयात तेव्हा कोविड सेंटर उघडलं होतं. तिथे जे जे दगावले, त्यांच्यासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढून गोदावरीच्या काठी काळ्या ग्रॅनाइटच्या फरशांची भिंत उभारलीय. उद्घाटनाच्या पत्रिकेसाठी तिचे फोटो हवे होते. उन्हं उतरली की दगड कमी चमकतो, म्हणून मी संध्याकाळी स्कूटी काढली. खरं सांगू? जायचं नव्हतं मला. त्या भिंतीवर हर्षलचंही नाव आहे.

नाव आहे, चेहरा नाही. बाकी सगळ्यांचे फोटो फरशांवर छापलेत, त्याची फरशी कोरी. जन्मभर दुसऱ्यांना 'हसा' म्हणणाऱ्या या माणसाचा स्वतःचा एक धड फोटो नाही. शेवटचं तोंडही मला दिसलं नाही. पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, डोक्यावर गाठ मारलेलं गाठोडं लांबून दाखवलं आणि म्हणाले, हेच तुमचे. मी विचारलं, एवढा लहान कसा दिसतो? "आजारानं माणूस वाळतं, ताई." मी अग्नी दिला. तेव्हापासून एकच किडा डोकं पोखरतोय... तो हर्षलच होता ना?

भिंतीची झाडलोट सोपानकाका करतात. सत्तरीचे असतील. मी तिवई उभी करत होते, तर ते माझ्या हातांकडे बघत म्हणाले, "बांगड्या न्हाई घालत, ताई?"

"मालक गेल्यापासून नाही, काका. सवयच गेली."

झाडू टेकवून त्यांनी एका फरशीवरून हात फिरवला. ठसठशीत कुंकू लावलेली, किडकिडीत, हसरी बाई.

"ही आमची मालन. तितंच गेली. अहेव गेली." त्यांचा आवाज खाली आला. "सवाष्णीला हिरवा चुडा भरून धाडायची आपली रीत. पर आमाला आत सोडंनात. मंग तितल्या मावशीच्या पाया पडलो, बांगड्या दिल्या. तिनं घाईघाईत गाठोड्यातनं हात तेवढे काडले आन् भरल्या. म्हनली, हात लई सुजल्यात, चढंनात, निम्म्यावरच र्‍हायल्या. पर भरल्या. तेवढं एक समाधान हाय."

"हं," मी म्हटलं. माझं लक्ष कापडात होतं.

"चितेवर ठिवताना बी लई जड लागली. आमची मालन म्हंजी नुसती काडी वो..." ते थोडे हसले. "सांजच्याला हितं किनकिन ऐकू येती मला. पोरं म्हनत्यात, म्हातारं चळलं. म्हनू द्या. ती येती म्हनून मी येतो."

ते घागर घेऊन नदीकडे उतरले आणि मी कामाला लागले.

वारा पडला होता. नदीचा ओला वास येत होता. मग त्यात दुसरा वास मिसळला... सॅनिटायझरचा. नाकातून मेंदूत जाणारा. आणि मागे, कापडाच्या पलीकडे, काचेवर काच वाजली.

किन... किन.

मी वळून पाहिलं. कोणी नव्हतं. स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि हर्षलच्या कोऱ्या फरशीवर कॅमेरा रोखून बटण दाबलं.

स्क्रीनवर फरशी आली. फरशीत मी आले. आणि माझ्या मागे, काळं कापड असायला हवं तिथे, एक उंच पांढरं काहीतरी उभं होतं. डोक्यावर गाठ. प्लॅस्टिक फाडून दोन हात वर आले होते आणि ती गाठ सोडवू पाहत होते.

मी बोटांनी फोटो मोठा केला. कशाला केला, देव जाणे.

हात सुजलेले, केसाळ, पुरुषाचे. डाव्या अंगठ्याचं पेर बाहेरच्या बाजूला वाकलेलं. लग्नाच्या आदल्या वर्षी स्टुडिओच्या शटरमध्ये चेंगरलं होतं ते. तो अंगठा मी हजार हातांत ओळखेन. आणि त्या दोन्ही हातांवर, मनगटापर्यंत न पोचलेल्या, तळव्यात रुतून बसलेल्या... हिरव्या बांगड्या.

माझ्या हर्षलला सोपानकाकांनी आपली बायको म्हणून जाळलं होतं. आणि मी जिला जाळलं, ती मालनबाई. मोकळ्या हातांनी गेलेली.

मी तिथेच मातीत बसले. रडूही येईना.

"आलं का समदं नीट?" सोपानकाका घागर घेऊन वर आले होते. "मालनचा फोटो दावा की."

मी मालनबाईंच्या फरशीचा फोटो काढून दाखवला. तो स्वच्छ आला होता. ते कितीतरी वेळ बघत राहिले. "सवाष्ण गेली माझी," म्हणाले. मी कॅमेरा बंद केला. त्यांना सांगणार काय होते?

मी घाईने सामान आवरलं. स्कूटी सुरू केली, तेवढ्यात मागची सीट दबली, दुसरं माणूस बसल्यावर दबते तशी. श्रीरामपूर येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला पाठीमागे किनकिन वाजत होतं. मी आरशात पाहिलं नाही. "हर्षल..." एवढंच एकदा म्हटलं.

आज संध्याकाळी सोपानकाकांचा फोन आला. रडत होते.

"ताई, तुमी गेल्यापासनं किनकिन बंद झाली वो. कालबी न्हाई, आजबी न्हाई. माझं काय चुकलं आसंल का? रुसली आसंल का ती?"

मी स्टुडिओच्या काउंटरशी उभी होते. आतल्या अंधाऱ्या खोलीत कोणीतरी गाठीशी झटत होतं. प्लॅस्टिक चुरचुरत होतं. ती गाठ सोडायला जायचा धीर मला दोन दिवस झाला नाही.

किन... किन.

फोनवर सोपानकाका रडायचे थांबले. मग अगदी हळू म्हणाले, "ताई... त्ये तुमच्याकडं वाजतंय का?"

"माझ्या बांगड्या आहेत, काका," मी म्हटलं.

माझे मोकळे हात त्यांनी पाहिले होते.